राजाचं आडनाव आणि मावशीचा कागद

गेल्या हिवाळ्यात आठ दिवस मावशीकडे ग्वाल्हेरला जाऊन आले. मावशी आपल्या चिकोडी तालुक्यातली, कानडी शाळेत शिकलेली. लग्न होऊन ग्वाल्हेरच्या शिंद्यांकडे गेली, त्याला आता पन्नास वर्षं होत आली. हे शिंदे म्हणजे राजघराण्यातले नव्हेत हो! काका सरकारी कचेरीत नोकरीला होते. घर मात्र जयेंद्रगंजात, आणि जयविलास महालाचा टपाली पत्ताही जयेंद्रगंज, लष्कर असाच.

मी पोचले त्या संध्याकाळीच मावशीने एक जुनी पिशवी माझ्यापुढे ठेवली. म्हणाली, "राजवाड्याचा आणि माझा पत्ता एकच बघ. फरक एवढाच, त्यांना सगळं गाव ओळखतं आणि मला पेन्शनवाले ओळखत नाहीत."

काका जाऊन आठ महिने झाले होते आणि तिचं पेन्शन अडलं होतं. कारण? शाळेच्या दाखल्यावर तिचं माहेरचं नाव; तेही कानडी पद्धतीने, आधी गावाचं आणि वडिलांचं अद्याक्षर, आडनाव नाहीच. काकांच्या नोकरीच्या कागदात लग्नातलं नाव आणि पुढे 'शिंदे'. आधार कार्डावर तेच नाव, पण आडनाव 'सिंदे'. खिडकीवरच्या माणसाने तिला विचारलं होतं, "माताजी, ही तिघी एकच आहेत याला पुरावा काय?"

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी महाल पाहायला गेलो. १८७४ साली जयाजीराव शिंद्यांनी तो बांधून घेतला. जेवणाच्या लांबलचक मेजावर ती प्रसिद्ध चांदीची आगगाडी आहे, तिच्याभोवती पोरांची गर्दी होती. मी मात्र भिंतीवरच्या पाट्या वाचत होते. घराणं मूळचं साताऱ्याकडच्या कण्हेरखेडचं. मराठीत ते शिंदे, हिंदीत सिंधिया आणि इंग्रजीत त्याचंच स्पेलिंग आणखी निराळं. एका घराण्याची तीन भाषांत तीन आडनावं, पण कुणी म्हणालं नाही की हे तिघे एकच असल्याचं सिद्ध करा.

आडनावापेक्षा मला पुढची गोष्ट जास्त लागली. राजमाता विजयाराजेंचं माहेरचं नाव लेखा दिव्येश्वरी. १९४१ साली जिवाजीरावांशी लग्न झालं आणि त्या विजयाराजे झाल्या. त्यांच्या सूनबाई नेपाळच्या राणा घराण्यातल्या, किरण राज्यलक्ष्मी. लग्नानंतर माधवीराजे झाल्या. म्हणजे तांदळात नाव लिहिण्याची जी रीत आपल्या घरांत, तीच महालात. मावशीचं नाव बदललं आणि राजमातेचंही बदललं. राजमातेच्या नव्या नावाची बातमी राज्यभर झाली. मावशीचं नाव ताटातल्या तांदळांत लिहिलं गेलं आणि ते तांदूळ भरून ठेवताना पुसलं गेलं. कागदावर कुणी उतरवलंच नाही.

मग राजाला ओळखीचा कागद लागतच नाही का? विलायतेत खरोखरच लागत नाही. तिथले पासपोर्ट राजाच्याच नावाने निघतात, त्यामुळे राजाने स्वतःचा काढायचं कारण नाही. राणी एलिझाबेथकडे पासपोर्ट नव्हता, गाडी चालवायचा परवानाही नव्हता. आडनावही त्यांनी सोयीने घेतलेलं. १९१७ साली जर्मनीशी लढाई चालू असताना पंचम जॉर्जने जर्मन नाव टाकून घराण्याला विंडसर म्हणायला लावलं. जपानच्या राजघराण्याला तर आडनावच नाही. तिथली राजकन्या माको हिने २०२१ साली सामान्य घरातल्या मुलाशी लग्न केलं, तेव्हा तिला जन्मात पहिल्यांदा आडनाव मिळालं.

आपल्याकडची गोष्ट वेगळी झाली. संस्थानं विलीन झाल्यावर राजा कुणाला म्हणायचं? राज्यघटनेने सांगितलं, राष्ट्रपती ज्याला मान्यता देतील तो. म्हणजे राजाचंही एक ओळखपत्रच झालं, फक्त सही राष्ट्रपतींची. १९७० च्या सप्टेंबरात सरकारने एका आदेशाने सगळ्या राजांची मान्यता काढून घेतली. त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात जो खटला गाजला, तो याच ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांच्या नावाने. डिसेंबरात न्यायालयाने आदेश रद्द केला. पण पुढच्याच वर्षी, १९७१ साली, सव्विसावी घटनादुरुस्ती झाली. तनखे गेले, मान्यताही गेली.

मावशीला मी हे सांगितलं तर ती हसली. "म्हणजे त्यांनाही एका कागदासाठी कोर्टाची पायरी चढावी लागली म्हण की!"

आपल्या भागातल्या वाचकांना यातली आणखी एक गंमत कळेल. म्हैसूरचे ओडेयर घ्या. कानडीत ओडेय म्हणजे मालक, धनी. हुद्दाच आडनाव होऊन बसला. त्यांच्या नात्यातले अरस, म्हणजे अरसु, म्हणजे राजाच. यदुवीर हे जन्माने अरस. २०१५ साली दत्तक गेले आणि ओडेयर झाले. २०२४ साली लोकसभेला उभे राहिले तेव्हा इतर उमेदवारांसारखंच त्यांनाही शपथपत्र भरावं लागलं. उलट संडूरचे घोरपडे, जमखंडीचे पटवर्धन यांनी कानडी मुलखात राज्य केलं ते मराठी आडनावांनी. आणि आपल्यातले देसाई, देशपांडे? तेही एके काळचे हुद्देच की!

तेव्हा कागद आता राजालाही चुकत नाही, आणि ते चांगलंच आहे. पण राजाचा कागद वकील नीट करतात. मावशीचा कागद ज्याने भरला त्याने जसं कानाला ऐकू आलं तसं लिहिलं, आणि त्याची चूक निस्तरायला सत्तरी ओलांडलेली बाई आठ महिने रिक्षाने फेऱ्या घालते. खरी तफावत ती आहे.

शेवटी आम्ही वकिलाकडून शपथपत्र करून घेतलं. तिन्ही नावं खाली-खाली लिहिली आणि ही एकाच बाईची आहेत असं मावशीने सही करून सांगितलं. सही करताना थांबली, म्हणाली, "तिघी आहेत म्हणतात तर तीन पेन्शनी तरी द्या!" वकीलही हसले. मी परत आल्यावर सव्वा महिन्याने तिचा फोन आला. मागच्या बाकीसकट पैसे जमा झाले होते.

आपल्या घरांत शाळा कानडी, नातीगोती मराठी आणि बँक इंग्रजी. म्हणून सांगते, या रविवारी घरातल्या बायकांचे कागद एकदा जेवणाच्या ताटांसारखे ओळीने मांडा आणि नावं पडताळून पाहा. आईचे, सासूचे आधी. नवरा जिवंत आहे, सही करायला हात चालतोय, तोवर हे काम एका दुपारचं आहे. नंतर त्याला आठ महिने लागतात.

मी स्वतःचेही कागद काढले होते. माझ्या दोन निघाल्या.