हांकेला परतणारा कुत्रा

रानाची राखण करणारा कुत्रा चांगला कीं वाईट, हें ठरविण्याचें आपल्याकडील माप फार जुनें आहे. तो अंगानें किती मोठा, स्वभावानें किती तिखट, रानडुकराच्या मागें किती दूरवर जातो, यावरून त्याची किंमत केली जाते. हांक मारतांच तो भर धांवेंतून मागें फिरतो कीं नाहीं, हें मात्र सहसा कोणी विचारीत नाहीं. आमच्या मतें कुत्र्याची खरी परीक्षा याच एका गोष्टींत आहे. आणि नागपूर जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनीं तर ती अवश्य घेतली पाहिजे. कारण येथें वावर आणि जंगल यांमध्यें पुष्कळ ठिकाणीं एका धुऱ्याचेंच अंतर आहे.

रामटेक व पारशिवनीकडे पेंचचें जंगल, हिंगण्याकडे बोरचें, आणि उमरेड व भिवापूर या भागांत कऱ्हांडल्याचें अभयारण्य, अशी आपल्या जिल्ह्याची मांडणी आहे. पेंचचें जंगल १९९९ सालीं आणि बोरचें २०१४ सालीं व्याघ्रप्रकल्प म्हणून जाहीर झालें. या बाजूच्या गांवांत तूर, हरभरा, गहूं, धान यांपैकीं कांहींहि पेरा, रात्रीं रानडुकरें आणि रोही यांचा वांटा त्यांत ठरलेलाच. म्हणून हंगामभर जागलीला जावें लागतें, आणि जागल करणाऱ्याचा एकमेव सोबती म्हणजे त्याचा कुत्रा. अलीकडे कांहीं शेतकरी गांवठी कुत्र्याबरोबर मराठवाडा व उत्तर कर्नाटकाकडील कारवान किंवा मुधोळ जातीचीं पिलेंहि आणूं लागले आहेत. हौस चांगली आहे; परंतु या जातीचा स्वभाव समजून घेतल्यावांचून ती पुरी करणें धोक्याचें आहे.

मुधोळ हें गांव आज कर्नाटकांतील बागलकोट जिल्ह्यांत असलें, तरी स्वातंत्र्यापूर्वीं तें घोरपडे घराण्याचें मराठा संस्थान होतें, आणि या कुत्र्यांच्या जोपासनेशीं त्या घराण्याचें नांव जोडलेलें आहे. २००५ सालीं भारताच्या टपाल खात्यानें देशी कुत्र्यांचीं जीं तिकिटें काढलीं, त्यांतहि मुधोळला स्थान मिळालें. लांब पाय, खोल छाती, निमुळतें तोंड असा हा कुत्रा वासापेक्षां दृष्टीनें शिकार करणारा आहे. दूरवर कांहीं हललें कीं त्याचें सारें लक्ष डोळ्यांत एकवटतें, आणि एकदां धांव सुरू झाली म्हणजे कान असून नसल्यासारखे होतात. पिढ्यानुपिढ्या माणसानेंच हा गुण निवडून निवडून वाढविला. तेव्हां ससा उठल्यावर अशा पिलानें जागचें हलूं नये असें म्हणणें, म्हणजे भुकेल्या बैलानें हिरव्या वैरणीकडे पाहूं नये असें म्हणण्यासारखेंच होय. गांवठी कुत्र्यांत हा वेग कमी असेल, पण पळत्याच्या मागें लागण्याची ओढ त्यालाहि सुटलेली नाहीं.

या ओढीला आवर नसला तर काय होतें, तें पाहूं. पहिली गोष्ट कायद्याची. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें शिकारीचे दिवस संपले, हें सर्वांस माहीत आहे. परंतु त्या कायद्यांत शिकार या शब्दाचा अर्थ केवळ ठार मारणें एवढाच नाहीं. पकडणें, जखमी करणें, त्या हेतूनें जनावराला हुसकावीत नेणें, हेंहि त्यांत येतें. आपल्या कुत्र्यानें चितळाचें पाडस फाडलें, तर तो मुका प्राणी होता एवढें सांगून मालकाची सुटका होईलच असें नाहीं. दुसरी गोष्ट जिवाची. डुकरांसाठीं कुंपणाच्या तारेंत चोरून वीज सोडण्याचा दुष्ट प्रकार विदर्भांत अजून थांबलेला नाहीं. त्या तारेनें वाघ मेले आहेत आणि माणसेंहि मेलीं आहेत. अंधारांत धांवणाऱ्या कुत्र्याला तार दिसत नाहीं, आणि त्याच्यामागें कंदील घेऊन धांवणाऱ्या मालकालाहि दिसत नाहीं. कठडा नसलेल्या विहिरी आहेत. पिलें जवळ असलेली डुकरीण आहे. बिबट्याचें तर कुत्रा हें नेहमींचेंच भक्ष्य. आणि झुडपांत शिरलेला कुत्रा घाबरला म्हणजे तो सरळ आपल्या धन्याकडे पळत येतो, मागें कोण आहे हें तो पाहत नाहीं.

तिसरी गोष्ट खुद्द राखणीची. कुत्रा एका कळपाच्या मागें अर्धा कोस गेला, तर तितका वेळ वावर उघडें पडतें. दुसरा कळप तेवढ्यांत आपलें काम उरकतो. राखणीच्या कुत्र्याचें काम भुंकून सावध करणें आणि जनावराला धुऱ्याबाहेर काढणें इतकेंच आहे. धुऱ्यापलीकडे त्याचें प्रत्येक पाऊल मालकाच्या नुकसानीचें आहे. म्हणून परत येणारा कुत्रा भित्रा होतो, ही समजूत आम्हांस मुळींच मान्य नाहीं. जो धुऱ्यावरून परत येतो, तोच रात्रभर राखण करतो.

आतां कुत्रा परत कां येत नाहीं, याचा विचार करूं. लोक त्याच्या जातीला दोष देतात, हट्टाला दोष देतात. आम्ही दोष देतों तो साखळीला. आपल्याकडील रीत अशी कीं, कुत्रा दिवसभर गोठ्याशीं बांधलेला आणि रात्रीं मोकळा. दिवसभर कोंडलेला जोर रात्रीं एकदम सुटतो. मग त्याला बोलाविलें जातें केव्हां? पुन्हां बांधावयाचें असतें तेव्हां, किंवा उशीर केला म्हणून काठी द्यावयाची असते तेव्हां. ज्या आवाजामागून अन्न येतें, त्या नुसत्या आवाजानेंहि कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटतें, हें पाव्हलॉव्ह या रशियन शास्त्रज्ञानें प्रयोग करून दाखविलें आहे. हाच नियम उलटाहि लागू पडतो. ज्या हांकेमागून साखळी येते, त्या हांकेनें कुत्र्याच्या मनांत पळ काढण्याचीच बुद्धि उत्पन्न होते. समोर पळता ससा आणि मागें साखळी, अशी निवड त्याच्यापुढें आपणच ठेवतों, आणि त्यानें ससा निवडला म्हणून रागावतों.

यावर उपाय हाच कीं, हांकेचा अर्थ पहिल्यापासून वेगळा शिकवावा. पतपेढींतल्या ठेवीप्रमाणें हांकेंत आधीं पुष्कळ भरणा झाला पाहिजे, तरच अडीअडचणीच्या वेळीं तींतून कांहीं काढतां येईल. पिलूं दोन महिन्यांचें असतांनाच आरंभ करावा. परतीसाठीं एकच शब्द ठरवावा. तो त्याचें नांव नसावा, कारण नांव दिवसभर शंभरदां घेतलें जातें आणि गुळगुळीत होतें. शब्दापेक्षां शिटी अधिक चांगली. शिटी मालकानें वाजविली, मालकिणीनें वाजविली किंवा सालदारानें वाजविली, तरी तिचा आवाज एकच राहतो, आणि वाजविणाऱ्याचा राग तींत उतरत नाहीं. दोन्ही वेळच्या जेवणाआधीं शिटी वाजवावी व तो पोंचतांच ताट खालीं ठेवावें. महिनाभर इतकेंच करावें. याच सुमारास, म्हणजे तीन महिन्यांचें वय होतांच, पिसाळरोगाची लस टोंचून घ्यावी. रानाशीं ज्याचा संबंध येणार, त्याच्या बाबतींत तर ही गोष्ट पुढें ढकलूं नये.

नंतर अंगणांतून वावरांत जावें, पण दोरी बांधून. दोरी सुमारें ३० फूट लांबीची, हलकी असावी, आणि ती गळ्याच्या पट्ट्याला न बांधतां छातीच्या पट्ट्याला बांधावी, म्हणजे धांवेंत मानेला हिसका बसणार नाहीं. ही दोरी ओढून आणण्यासाठीं नव्हे. हांक न ऐकतां पळून जाण्याचा अनुभव त्याला एकदांहि येऊं नये, एवढ्यासाठींच ती आहे. हांक एकदांच द्यावी. दहा वेळां ओरडलें म्हणजे पहिल्या नऊ हांका न ऐकल्या तरी चालतात, असा धडा कुत्रा घेतो. तो आला नाहीं, तर आपण उलट दिशेनें पळावें. पळत्याच्या मागें लागणें हा तर त्याचा जन्मस्वभावच आहे, आणि या ठिकाणीं तोच स्वभाव आपल्या कामीं येतो.

उत्तेजनाची पायरी हळूहळू चढवावी. नवा गोऱ्हा आपण एकदम तिफणीला जुंपीत नाहीं. आधीं जूं मानेवर ठेवतों, मग रिकामें औत ओढावयास लावतों, आणि तास सरळ येऊं लागला म्हणजेच पेरणीला घेतों. कुत्र्याचेंहि तसेंच. प्रथम ओसाड वावरांत, मग लांबून कोंबड्या दिसत असतांना, मग चरत्या शेळ्यांजवळ, आणि शेवटीं धांवत्या वासराजवळ शिटीची परीक्षा घ्यावी. एका पायरीवर दहापैकीं नऊ वेळां तो तत्काळ फिरला, तरच पुढच्या पायरीवर जावें. तो चुकूं लागला, तर पायरी उंच झाली असें समजून अंतर वाढवावें.

हांक देण्याची वेळ ओळखणें ही यांतली सर्वांत मोलाची विद्या आहे. धांव सुरू होण्यापूर्वीं कुत्रा क्षणभर थिजतो. तोंड मिटतें, कान पुढें येतात, शेंपटी ताठ होते, नजर एका जागीं खिळते. शिटी त्याच क्षणीं वाजली पाहिजे. नजर लागण्यापूर्वीं तो सहज ऐकतो, नजर लागतांना कष्टानें ऐकतो, आणि पूर्ण वेगांत गेल्यावर बहुधा ऐकत नाहीं. म्हणून रानांत मालकानें डुकराकडे न पाहतां आपल्या कुत्र्याकडे पाहावें.

तो परत आला म्हणजे काय करावें, यावर सर्व शिक्षणाची भिस्त आहे. उकडलेल्या अंड्याचा किंवा मांसाचा तुकडा त्याला तेथल्या तेथें द्यावा. कोरडी भाकर सशाच्या बदलीं पुरी पडणार नाहीं. मग पाठीवर हात फिरवून त्याला पुन्हां मोकळें सोडावें. दहा वेळां बोलावलें तर नऊ वेळां असें सोडावें, आणि साखळी फक्त दहाव्या वेळीं लावावी. उशिरां आला, चिखलानें भरून आला, तरी काठी उगारूं नये. कुत्र्याच्या लेखीं ती काठी पळण्याबद्दल नसते, परत येण्याबद्दल असते. हीच हरकत गळ्यांत विजेचा झटका देणारे पट्टे वापरण्याला आहे. झटका बसला त्या क्षणीं समोर जें असेल त्याच्याशीं कुत्रा ती वेदना जोडतो. समोर शेजाऱ्याची गाय असली तर गायीवर दांत धरील, आणि मालक असला तर मालकाला टाळील.

एक इशारा देणें जरूर आहे. सहा-सात महिन्यांचें होईपर्यंत शहाणें असलेलें पिलूं पुढें एकाएकीं बहिरें झाल्यासारखें वागूं लागतें, आणि पुष्कळ मालक याच वेळीं निराश होऊन त्याला कायमचें बांधून टाकतात. इंग्लंडांतील संशोधकांनीं २०२० सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत असें दिसून आलें कीं, पांच महिन्यांच्या मानानें आठ महिन्यांच्या वयांत कुत्रा पाळणाऱ्याची आज्ञा कमी पाळतो, परक्याची मात्र तितकी टाळीत नाहीं; आणि हा काळ लोटल्यावर तो पुन्हां सुधारतो. म्हणजे ही वयाची खोड आहे, जातीची नव्हे. या दिवसांत काठी न काढतां दोरी पुन्हां काढावी, आणि खालच्या पायरीवरून पुन्हां सुरुवात करावी. वर्ष-दीड वर्षाचा होईपर्यंत कुत्र्याला रात्रीं मोकळा सोडूं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे.

शेतकऱ्याला एवढा वेळ कोठें आहे, असा आक्षेप येईल. वेळ लागतो तो सकाळ-संध्याकाळ दहा-दहा मिनिटें, आणि तोहि पिलाला खाऊं घालण्याच्याच वेळीं. हरवलेला कुत्रा शोधण्यांत, जखमी कुत्र्याला दवाखान्यांत नेण्यांत, किंवा शेजाऱ्याच्या मेलेल्या करडाची भरपाई करण्यांत याहून कितीतरी अधिक वेळ व पैसा जातो. आणि हें काम मोठ्या माणसानेंच केलें पाहिजे असेंहि नाहीं. घरांतील दहा-बारा वर्षांचीं मुलें तें अधिक नेटानें करतात.

आमची एक सूचना आहे. गांवोगांवच्या जनावरांच्या प्रदर्शनांत बैल, गायी, शेळ्या यांना बक्षिसें मिळतात. तेथेंच राखणीच्या कुत्र्यांसाठींहि एक बक्षीस ठेवावें. तें सर्वांत मोठ्या किंवा सर्वांत वेगवान कुत्र्याला न देतां, शेळ्यांच्या कळपाकडे लांब दोरीवर सोडला असतां एका शिटीला मागें फिरणाऱ्या कुत्र्याला द्यावें. नागपुरांत पशुवैद्यक महाविद्यालय आहे, पशुविज्ञानाचें विद्यापीठ आहे. त्यांतील जाणत्या मंडळींस परीक्षक म्हणून बोलवावें, आणि त्याच दिवशीं आलेल्या सर्व कुत्र्यांना पिसाळरोगाची लस टोंचण्याची व्यवस्था करावी. खर्च अल्प आहे. जंगलाकांठच्या ज्या गांवांत संस्थेचे सभासद आहेत, त्यांपैकीं दोन-तीन गांवांनीं येत्या हंगामापूर्वीं याला आरंभ केला, तरी इतर गांवांना पाहून शिकतां येईल.