एक नळी गळते म्हणून…

‘एक किडनी काढली तर काय बिघडलं? देवाने दुसरी दिलीय ना!’ हे वाक्य या आठवड्यात तारापूरजवळच्या घिवलीत पुन्हा कानावर आलं. बोलणारे भाऊ तारापूरच्या अणुप्रकल्पात शटडाऊनच्या कामाला जाणारे, म्हणून ते जास्तच झोंबलं.

विषय निघाला होता मुतखड्याच्या ऑपरेशनानंतरच्या रक्ताचा. पाठीतून भोक पाडून, दुर्बीण घालून खडा काढतात, ते पीसीएनएल. माणूस घरी येतो, चार घास खायला लागतो आणि आठ-पंधरा दिवसांनी लघवी लालभडक, गाठींसकट. शंभरात एखाद्याला हे होतं. बहुतेकदा सुई आत जाताना धमनी दुखावलेली असते. तिथे रक्ताचा फुगा तरी धरतो, नाहीतर धमनी थेट शेजारच्या शिरेत उघडते आणि मधलं केशवाहिन्यांचं जाळं टाळून दाबाचं रक्त आडवाटेने पळतं. किडनीच्या बायॉप्सीनंतर झालेल्या अशा वाटा बऱ्याचदा आपोआप मिटतात, नुसतं लक्ष ठेवलं तरी पुरतं. पण हृदयातून निघालेल्या रक्तापैकी पाचवा हिस्सा, म्हणजे मिनिटाला लिटरभर, दोन किडन्यांतून फिरतो. गळती सुरू राहिली तर ‘बघू उद्या’ म्हणायची सोय नसते, आणि मग किडनीच काढायची भाषा सुरू होते.

आता भाऊंनाच विचारतो. हीट एक्स्चेंजरमधल्या शेकडो नळ्यांपैकी एक गळली तर तुम्ही काय करता? अख्खा एक्स्चेंजर भंगारात घालता? गळकी नळी हुडकता, तिच्या दोन्ही तोंडांना प्लग ठोकता आणि बाकीच्या नळ्यांवर काम चालू. एमआयडीसीतला कुठलाही फिटर हे झोपेत सांगेल.

तारापूरचा स्वतःचा इतिहास याहून बोलका आहे. १९६९ साली सुरू झालेल्या पहिल्या दोन अणुभट्ट्या मुळात प्रत्येकी २१० मेगावॅटच्या. पुढे दुय्यम स्टीम जनरेटरच्या नळ्या गळू लागल्या, ते जनरेटर बाजूला करावे लागले आणि क्षमता १६० वर आली. भट्ट्या त्यानंतरही दशकानुदशकं चालल्या, पण प्रत्येकीचे पन्नास मेगावॅट गेले ते गेलेच. एका किडनीवरही माणूस जगतो, कामधंदा करतो. फक्त पन्नाशीत मधुमेह किंवा रक्तदाब मागे लागला की हाताशी राखीव काही नसतं.

प्लग ठोकायची सोय शरीरातही आहे, आणि ती काही काल-परवाची नाही. बायॉप्सीनंतर किडनीत झालेली अशी आडवाट पोट न फाडता आतून बंद केल्याचा अहवाल बुकस्टाइन आणि गोल्डस्टाइन या अमेरिकी डॉक्टरांनी १९७३ साली छापला. तारापूरच्या भट्ट्या तेव्हा जेमतेम चार वर्षांच्या होत्या. आज जांघेतून किंवा मनगटातून नळी घालतात, महाधमनीतून किडनीच्या धमनीत जातात, डाय सोडून पडद्यावर गळती बघतात. मग त्या नळीतून मिलिमीटरहून बारीक दुसरी नळी पुढे सरकवत नेमक्या फांदीपर्यंत नेतात आणि तिथे प्लॅटिनमच्या तारेचं वेटोळं सोडतात, कधी गोंदासारखं औषध. भूल फक्त टोचलेल्या जागेपुरती. पेशंट जागा असतो, डॉक्टरांशी बोलत असतो.

इथे शटडाऊन मात्र घेता येत नाही. रक्त वाहतं असतानाच काम करायचं. वेटोळं मापाला लहान पडलं तर शिरेतून वाहत थेट फुप्फुसात जाऊ शकतं. जी फांदी बंद केली तिच्यावर जगणारा किडनीचा तुकडा मरतो, म्हणून जितकं टोकाला जाता येईल तितकं जायचं. किडनी आधीच थकलेली असेल तर डायचाही भार पडतो. हा सगळा हाताचा खेळ आहे. कॅथलॅब म्हटलं की आपल्याकडे फक्त हार्ट आठवतं. किडनीच्या या कामाला इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट लागतो. यंत्राचं उद्घाटन होतं, फीत कापली जाते, फलकावर नावं चढतात. यंत्र चालवणाऱ्या माणसाचं उद्घाटन करता येत नाही, म्हणून त्याची जागा कुणी भरत नाही.

मुतखडा म्हटलं की माझं बोट एमआयडीसीच्या नाल्याकडे वळतं. पुरावा मागाल तर माझ्याकडे नाही. डॉक्टर म्हणतात, घाम गाळता आणि पाणी कमी पिता. बरोबरच आहे. पण जे पाणी जास्त प्या म्हणता, ते आधी बघून घ्या.

पैशाचं म्हणाल तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेत इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजी हा स्वतंत्र विभाग आहे. अडतं ते रात्री दोन वाजता, घरात रक्ताची लघवी दिसल्यावर. बोईसरहून मुंबई शंभर किलोमीटर; जायचं कुठे, कुणाला फोन करायचा, हे घरच्यांना कुणी सांगितलेलं नसतं. माझी मागणी बिनखर्चाची आहे, तिला भूमिपूजनही लागत नाही. जो दवाखाना पीसीएनएल करतो, त्याने डिस्चार्ज कार्डावर मराठीत लिहावं: पुढच्या तीन आठवड्यांत लघवीत रक्त किंवा गाठी दिसल्या तर लगेच या, इथे जमलं नाही तर आतून रक्तवाहिनी बंद करणारं अमुक हॉस्पिटल, अमुक नंबर. आणि नातेवाइकांनी किडनी काढायच्या कागदावर सही करण्याआधी विचारावं, ‘डॉक्टर, अँजिओग्राफी करून नुसती ती एक फांदी बंद करता येईल का?’