उतारा गोळीचा की विश्वासाचा?

पन्नाशी ओलांडलेल्या गोमंतकीयांच्या गप्पांत अलीकडे गुडघ्यांना मानाचे स्थान मिळाले आहे. जिना चढवत नाही, देवळात मांडी घालून बसवत नाही, अशी गाऱ्हाणी निघाली की कोणीतरी ग्लुकोसामीनच्या गोळ्यांचे नाव काढतो आणि 'मला गुण आला' अशी ग्वाही देतो. हे द्रव्य बहुधा कोळंबी व खेकड्यांच्या कवचांपासून काढतात. मासळीबाजारात आपण जे कचरा म्हणून टाकतो, तेच चकचकीत वेष्टनातून आपल्याला विकले जाते, हा विनोद क्षणभर बाजूला ठेवू. गुण खरोखर कशाने येतो, हा प्रश्न आहे.

अमेरिकेत गुडघेदुखीच्या १,५८३ रुग्णांवर २४ आठवडे झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. ग्लुकोसामीन व कॉन्ड्रॉइटिन एकत्र घेणाऱ्यांपैकी सुमारे ६७ टक्के रुग्णांची वेदना निदान एकपंचमांशाने घटली. परंतु ज्यांना औषधाचा अंशही नसलेली गोळी दिली होती, त्यांच्यापैकीही ६० टक्क्यांना तसाच आराम पडला! हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही. तीव्र वेदनांच्या एका लहान गटात या जोडीची सरशी दिसली खरी. पण तेवढ्यावरून त्या गोळ्या सरसकट सर्वांच्या गळी उतरविणे न्याय्य ठरत नाही.

यावरून रुग्णांचे दुखणे खोटे होते, असे कोणी समजू नये. सांधेदुखीला भरती-ओहोटी असते. भरतीत घेतलेल्या गोळीला ओहोटीचे श्रेय आपोआप मिळते. शिवाय विश्वासही शरीरात काम करतो. दाढ काढलेल्या रुग्णांना औषधहीन उपचाराने मिळालेला आराम, शरीरातील अफूसदृश द्रव्यांना रोखणारे औषध देताच ओसरतो, असे कॅलिफोर्नियातील संशोधकांनी १९७८ साली दाखविले. आम्हा गोमंतकीयांना याचे नवल वाटू नये. पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी ज्यांचा पुतळा उभा आहे, त्या कांदोळीच्या आबे फारियांनी दोन शतकांपूर्वी पॅरिसमध्ये हेच प्रतिपादिले होते: सामर्थ्य संमोहकाच्या हातात नसून समोरच्या माणसाच्या मनात आहे.

मग आमची तक्रार कोणती? आराम रुग्णाच्या स्वतःच्या देहमनाचा, आणि दाम मात्र विक्रेत्याचा! निवृत्तिवेतनावर जगणाऱ्याने दरमहा हा भार का सोसावा? अशा पूरक आहाराच्या वेष्टनावर 'औषधी उपयोगासाठी नाही' असा इशारा छापण्याचे बंधन २०१६ च्या नियमांनी घातले. तो इशारा बारीक अक्षरांत आणि वेदनामुक्तीचे आश्वासन ठळक अक्षरांत, हा खेळ अन्न व औषध प्रशासनाने थांबविला पाहिजे.

डॉक्टरांनीही आत्मपरीक्षण करावे. रुग्णाचे म्हणणे शांतपणे ऐकून घेणे हाही उपचारच आहे. तो दवाखान्यात मिळेनासा झाला, म्हणून लोक तो दुकानात शोधतात. वाचकांना आमचे सांगणे एवढेच की, वजन आटोक्यात ठेवणे आणि मांडीच्या स्नायूंचा नित्य व्यायाम यांचा गुण अधिक भरवशाचा आहे. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी आणि कोळंबी-खेकडे न सोसणाऱ्यांनी तर वैद्यकीय सल्ल्यावाचून या गोळ्यांना हात लावू नये. विश्वास ही मोठी शक्ती आहे. म्हणूनच तो कोणावर ठेवायचा, हे डोळे उघडे ठेवून ठरवावे.