चार झाडांनीच का लपायचे?

परसातील गांजाची झाडे शेजारच्या हेंपच्या (गांजाच्याच, पण नशा न आणणाऱ्या जातीच्या) परागापासून कशी वाचवावीत, याबद्दल मागच्या अंकात आलेला लेख वाचला आणि डोके तापले. झाडांना जाळी लावा, रोज सकाळी पाणी फवारा, फुलोरा धरला की कुंड्या घरात घ्या, जमल्यास छोटे पॉलीहाऊस उभारा. पानभर सल्ले, आणि सगळे चार झाडे लावणाऱ्याला! ज्याच्या एकरच्या एकर शेतातून पराग उडतो त्याने काय करावे, याबद्दल एक ओळ नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच.

आधी जाळीचे बघू. गांजाचा परागकण साधारण 25 ते 30 मायक्रॉनचा. फुलकिडे अडवणाऱ्या बारीक जाळीचे छिद्रही त्याच्या कितीतरी पट मोठे असते. हे वाऱ्यावर फळणारे झाड आहे, त्याला मधमाशीची गरज नाही. मोरोक्कोतील गांजाचा पराग समुद्र ओलांडून दक्षिण स्पेनमध्ये पोचल्याची नोंद शास्त्रज्ञांनी 1990च्या दशकातच केली आहे. समुद्राला जे अडवता आले नाही ते माझी जाळी अडवणार? पाण्याने पराग निकामी होतो हे खरे, पण वारा काही सकाळच्या फवारणीपुरता वाहत नाही. शिवाय सप्टेंबरात भरलेला फुलोरा रोज भिजवला तर आतून बुरशी धरते. तेही लेखात नाही.

आमच्या घरासमोर, रस्त्यापलीकडे हेंपचे शेत आहे. जुलैअखेर बांधालगतच्या नर झाडांवर फिकट पिवळे झुपके लोंबत होते. वाऱ्याने फांदी हलली की भुकटी उडताना नुसत्या डोळ्यांनी दिसे. ऑक्टोबरात आम्ही आमच्या झाडांच्या कळ्या वाळवून मोडायला घेतल्या तर नखाने दाबताच करड्या, ठिपकेदार बिया ताटात टपटप पडू लागल्या. मादी झाडाला पराग मिळाला की ते आपली ताकद बी भरण्यात घालते. चिकट राळ कमी होते, वास उतरतो, आणि ज्या द्रव्यांसाठी झाड लावायचे तीच घटतात. गुडघ्यांना चोळायला तेल करायचे म्हणून वर्षभर जपलेली झाडे शेवटी बियांची पोती ठरली.

आता कायद्याचा न्याय पाहा. अमेरिकेच्या 2018च्या फार्म बिलाने 0.3 टक्क्यांवर रेघ मारली. टीएचसी, म्हणजे नशा आणणारे द्रव्य, त्याच्या आत असेल तर हेंप, वर गेले तर गांजा. ही रेघ राखायला केवढा बंदोबस्त! कापणीआधी 30 दिवसांच्या आत नमुने घ्यायचे, तेही झाडाच्या शेंड्याकडचे, मग प्रयोगशाळा, मग दाखला. टीएचसी दशांशापर्यंत मोजणाऱ्या या कायद्याला पराग उडण्याचे अंतर मीटरमध्ये मोजता येत नाही? शेतातल्या झाडाला 0.3 टक्के लागू, पण त्याच झाडावरून उडून माझ्या अंगणात उतरलेल्या परागाला कुठलाच आकडा लागू नाही. आमच्या बाबतीत मात्र आकडे चोख आहेत. आमच्या ऑरेगन राज्याच्या मतदारांनी 2014 मध्ये गांजाला परवानगी देणारे मेझर 91 मंजूर केले, त्यानुसार घरटी चार झाडे. घरात माणसे कितीही असोत, पाचवे झाड नाही. आणि ती रस्त्यावरून दिसताही कामा नयेत.

परागाचे नियम करणे ऑरेगनला जमत नाही, असेही नाही. विलामेट खोऱ्यात कोबी, सलगम यांच्या बियाण्यात भेसळ नको आणि रोगराईही नको, म्हणून 2019च्या कायद्याने त्यांच्याच कुळातल्या कॅनोलाला वर्षाला 500 एकरांची मर्यादा घातली. तिथले बीजोत्पादक आपापली शेते नकाशावर टाचण्या लावून नोंदवतात आणि परस्परांत ठरावीक अंतर राखतात. आपल्याकडे नाशिक-नगरच्या शेतकऱ्यालाही हे नवे नाही. कांद्याच्या प्रमाणित बियाण्याला 500 मीटर आणि पायाभूत बियाण्याला 1000 मीटर विलगीकरण अंतर ठेवावे लागते. कोबीसाठी नकाशा, कांद्यासाठी मीटर, आणि गांजासाठी जाळी विकत घ्या!

कोर्टात जावे तर तिथेही दार बंद. ऑरेगनचा ‘राइट टू फार्म’ कायदा शेतीच्या नेहमीच्या कामांविरुद्ध उपद्रवाचे दावे चालू देत नाही. त्याला अपवाद आहे तो व्यापारी शेतमालाच्या नुकसानीचा, किंवा मृत्यू आणि गंभीर शारीरिक इजेचा. म्हणजे मोठ्या गांजा उत्पादकाचे नुकसान झाले तर त्याला निदान दाद मागता येते. घरच्या चार झाडांना ना विक्रीची परवानगी, ना भरपाईचा हक्क. विकायला बंदी घालायची आणि विकत नाही म्हणून दारातून परत पाठवायचे, हा कुठला न्याय?

यावर कुणी म्हणेल, शेतकऱ्याचे पोट आणि तुमची हौस यांची बरोबरी कशी? पण सीबीडी या नशा न आणणाऱ्या द्रव्यासाठी हेंप लावणाऱ्या शेतकऱ्यालाही नर झाड नकोच असते. बिया भरलेल्या मालाला त्यालाही भाव मिळत नाही. चांगला शेतकरी मादीचेच बियाणे घेतो, ओळीओळीने फिरून नर उपटतो. 2019 नंतर सीबीडीचे भाव कोसळले आणि ही राखण पहिल्यांदा सुटली. धाग्यासाठी किंवा बियांसाठी हेंप लावणाऱ्याला नर लागतातच. मग त्याने ते वस्तीपासून लांब लावावेत. यात कुणाचे पोट मारले जाते?

जाता जाता आणखी एक. त्याच लेखात ‘हल्ली सगळे कायदेशीर आहे, बिनधास्त लावा’ असे वाक्य आहे. हे आपल्या वाचकांसाठी लिहिताना हात थरथरायला हवा होता. राज्याने परवानगी दिली तरी केंद्राच्या कायद्यात गांजा अजून निषिद्धच आहे. आपल्यातले कितीतरी वाचक एच-1बी व्हिसावर किंवा ग्रीन कार्डावर आहेत. राज्यात कायदेशीर असलेला गांजाशी संबंधही नागरिकत्वाच्या अर्जात ‘चांगल्या चारित्र्या’च्या आड येऊ शकतो, असे इमिग्रेशन खात्याने 2019 मध्येच स्पष्ट केले आहे. जाळी कुठली घ्यावी हे सांगणाऱ्याने हे आधी सांगायला नको? ज्यांच्याकडे अमेरिकी पासपोर्ट नाही त्यांनी या भानगडीत मुळीच पडू नये.

ज्यांच्याकडे आहे त्यांना विनंती की, पुढच्या हंगामाची जाळी मागवण्याआधी आपल्या काउंटी कमिशनरला आणि राज्याच्या आमदाराला पत्र लिहा. मागण्या तीनच करा. हेंपची शेते बियाण्यांच्या शेतांसारखी नकाशावर नोंदवावीत. नर ठेवणाऱ्या शेताला वस्तीपासून किमान अंतर बंधनकारक असावे. आणि बाकीच्या हेंपमध्ये फुलोऱ्याआधी नर उपटले की नाही, हे नमुने घ्यायला येणाऱ्या निरीक्षकानेच तपासावे. ज्याचा पराग, त्याची जबाबदारी.

– एक वाचक, जोसेफीन काउंटी, ऑरेगन