पंप वाढवला, पण पिस्टनचं काय?

चेन्नईच्या कोयंबेडू बाजारात पहाटे चार वाजता मराठी ऐकू येते. कांद्याच्या गोण्या उतरत असतात आणि हमालांच्या तामिळ गलक्यात कुणीतरी क्लीनरला ओरडतं, "अरे, ताडपत्रीची घडी नीट घाल!" २०१२ साली मेव्हण्यांकडे गेलो होतो, तेव्हा तिथंच निफाडकडचे एक ट्रकमालक भेटले. स्वतःच गाडी चालवणारे. त्या दिवशी मात्र त्यांचा माल दुसऱ्याच गाडीतून आला होता. त्यांची गाडी माधवरमच्या एका गॅरेजात इंजिन उघडून पडली होती.

"कशानं झालं हो?" मी विचारलं.

"पंप वाढवून घेतला होता, दादा," ते म्हणाले. "खंबाटकीत गाडी ओढायची नाही. मागचे हॉर्न वाजवून जीव खायचे. मिस्त्री म्हणाला, अर्ध्या तासाचं काम आहे."

काम खरंच अर्ध्या तासाचं होतं. जुन्या डिझेल इंजिनाच्या पंपावर कारखान्यानं सील लावलेला एक स्क्रू असतो. सील तोडून तो थोडा फिरवला की दर फवाऱ्याला जास्त डिझेल जातं. गाडी अशी पळते की मालक खूश. हे साडेतीन महिने खूश होते. मग कृष्णगिरी सोडल्यावर इंजिनातून खडखडाट आला, ऑइलचा दाब उतरला आणि गाडी बसली. माल पलटी करावा लागला, भाडं गेलं, आणि गाडीचा हप्ता तर दर महिन्याच्या पाच तारखेला ठरलेलाच!

मेव्हणे इंजिनांच्या चाचणी विभागात नोकरीला. त्यांना राहवेना. आम्ही तिघं माधवरमला गेलो. मिस्त्रीनं न बोलता एक पिस्टन हातात ठेवला. डोक्यावर रुपयाएवढा खड्डा, कडेचं अ‍ॅल्युमिनियम मेणासारखं ओघळलेलं.

आता तुम्ही म्हणाल, थोडं डिझेल वाढवलं तर एवढं काय बिघडतं? चूल आठवा. लाकडं कोंबली आणि फुंकर घातली नाही, तर स्वयंपाक लवकर होतो की घरात धूर होतो? एक किलो डिझेल पुरतं जाळायला साधारण साडेचौदा किलो हवा लागते. डिझेल इंजिनाला तर त्याहून बरीच जास्त हवा द्यावी लागते, कारण सिलिंडरात सगळं सारखं मिसळत नाही. डिझेल वाढलं आणि हवा तेवढीच राहिली, की काळा धूर निघतो. तो धूर दिसतो तरी. उष्णता दिसत नाही. सिलिंडरातला जाळ क्षणभर दोन हजार अंशांपर्यंत जातो, आणि शुद्ध अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं. पिस्टन टिकतो तो ऑइल आणि पाणी त्याची उष्णता सतत ओढून नेतात म्हणून. रेडिएटर मात्र जुन्याच ताकदीच्या हिशेबानं बसवलेला. त्यात मे महिन्यातलं वेल्लोर!

काही मिस्त्री डिझेलऐवजी इंजिनाचे फेरेच वाढवून देतात. ते आणखी वाईट. फेरे दहा टक्क्यांनी वाढले की पिस्टन आणि कनेक्टिंग रॉडवरचा झटका एकवीस टक्क्यांनी वाढतो.

मग ताकद वाढवणं म्हणजे इंजिनाचं आयुष्य कमी करणंच का? नाही, आणि याचा पुरावा चेन्नईतच आहे. एन्नोरला १९४८ साली अशोक मोटर्स निघाली, १९५५ मध्ये ती अशोक लेलँड झाली. लेलँडच्या जुन्या इंजिनांच्या नावातले ३७०, ४००, ६८० हे आकडे म्हणजे घन इंचांतलं त्यांचं पोट. ६८० म्हणजे अकरा लिटर, आणि ताकद जेमतेम दोनशे हॉर्सपॉवरच्या आसपास. पुढे हिनो या जपानी कंपनीच्या तंत्रानं आलेली सहा सिलिंडरची इंजिनं जवळपास निम्म्या पोटाची. टर्बो, इंटरकूलर आणि कॉमन रेल लागल्यावर त्यांनीही दोनशेचा आकडा ओलांडला! पण नुसता स्क्रू फिरवून हे होत नाही. टर्बोनं हवा वाढवायची, इंटरकूलरनं ती थंड करायची, वाढलेल्या दाबासाठी पिस्टन, रिंगा, बेअरिंगं पुन्हा पारखायची आणि मग टेस्ट बेंचवर शेकडो तास पूर्ण भारावर इंजिन घासायचं. युरोपातल्या शर्यतीचे ट्रक हजारावर हॉर्सपॉवर काढतात, पण त्यांच्याकडून लाखो किलोमीटरची अपेक्षा कुणी करत नाही.

आजच्या गाड्यांत तो स्क्रू नाही. तिथं लॅपटॉप जोडून किंवा एक डबी बसवून कॉम्प्युटरचा हिशेब बदलतात. डबीवाला सांगतो, कंपनीनं ताकद मुद्दाम दाबून ठेवलीय. कधी कधी हे अर्धवट खरंही असतं. तेच इंजिन दुसऱ्या मॉडेलात जास्त ताकदीचं मिळतं. पण त्या मॉडेलचे टर्बो, रेडिएटर, क्लच आणि गिअरबॉक्सही तेच आहेत का, हे डबीवाल्याला विचारून बघा. शिवाय २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्यांत काजळी अडवणारा फिल्टर असतो. धूर वाढला की आधी तो तुंबतो. वॉरंटी जाते ती वेगळीच, आणि मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ असे बदल करू देत नाही.

रिकाम्या गाडीला सपाट रस्त्यावर वाढवलेला पंप फारसा त्रास देत नाही, म्हणून तर लोक फसतात. मेव्हण्यांच्या खात्यात इंजिनाचं वय किलोमीटरवर नाही, त्यानं किती डिझेल जाळलं यावर मोजतात. भरल्या गाडीनं घाटात वाचवलेली दहा मिनिटं त्या खात्यावर लिहिली जातात.

चेन्नईतच पिस्टन, लायनर, बेअरिंगं नवी बसली आणि पंप पुन्हा कंपनीच्या मापावर आणून त्याला सील लागलं. निघताना मेव्हण्यांनी त्यांना विचारलं, "आता खंबाटकीत काय करणार, भाऊ?"

"दुसरा गिअर टाकीन," ते म्हणाले, "आणि आरसा आत वळवून ठेवीन. मागचे वाजवू देत हॉर्न."