फवारणीचा करार आणि कोकणची हवा

घाटमाथ्यावरून कोकणात बदली होऊन आलेल्या कुटुंबाला पहिल्याच पावसाळ्यात झुरळे, मुंग्या, वाळवी आणि धान्यातील पोरकिडे यांचा असा काही परिचय घडतो, की घरभर औषध फवारून देणाऱ्याशी वर्षाचा करार केल्यावाचून गत्यंतर नाही, अशी यजमानांची खात्री होऊन जाते. ही खात्री मला सर्वस्वी भ्रामक वाटते.

वस्तुतः उन्हाळ्यात पुण्याचा पारा ४० अंशांच्या घरात जातो, रत्नागिरीचा सहसा इतका चढत नाही. परंतु पुण्यास थंडीच्या रात्री तो दहा-बारापर्यंत उतरतो, किनाऱ्यावर मात्र रात्रही उबदार आणि हवा बहुतेक वर्षभर दमट असते. कीटकांना अंगची ऊब राखता येत नसल्यामुळे त्यांची वाढ भोवतालच्या तपमानाच्या तंत्राने चालते, आणि जेथे थंडीची खीळ बसत नाही तेथे त्यांच्या पिढ्या अखंड निपजत राहतात. या हवेवर करारातल्या तिमाही फवाऱ्याची हुकूमत ती कितीशी चालणार?

स्वयंपाकघरातल्या लहान तपकिरी जर्मन झुरळाचेच पाहा. त्याची मादी ३० ते ४० अंड्यांची कुपी पिले बाहेर पडण्याच्या सुमारापर्यंत अंगाशी बाळगते, त्या कुपीच्या आवरणामुळे आतली अंडी फवाऱ्यातून बहुधा बचावतात, आणि ज्या पायरेथ्रॉइड वर्गातील औषधांवर बाजारी फवाऱ्यांची भिस्त असते त्यांना दाद न देणारी झुरळे आता जगभर आढळतात. उलट बोरिक पावडर, कणीक आणि साखर यांच्या गोळ्या मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा बेताने ओट्याखालच्या फटींत ठेवणारी, आणि मोरीतला गळका नळ आधी दुरुस्त करवून घेणारी गृहिणी शास्त्राला अधिक धरून वागत असते. कारण झुरळ अन्नावाचून जितके दिवस काढते तितके पाण्यावाचून काढू शकत नाही. वैशाखात डाळी-तांदूळ कडक उन्हात वाळवून घट्ट झाकणाच्या डब्यांत भरण्याची कोकणातील बेगमीही अशीच सहेतुक आहे, कारण पुरेशा कोरड्या दाण्यात पोरकिड्याची वीण धरत नाही. (भिंतीवरची पाल तर बिनपगारी नोकर; तिला पाहून किंचाळणाऱ्यांनी तेवढे तरी ध्यानात घ्यावे.)

वाळवीपुढे मात्र घरगुती शहाणपणाची मात्रा चालत नाही. ती जमिनीतून, मातीच्या बोगद्यांच्या आडोशाने, पायातील आणि भिंतींतील फटींमधून वर चढते, आणि चौकट आतून पोखरली गेल्याची वर्दी पुष्कळदा चौकट बोटाने दबू लागल्यावरच मिळते. तिचा खरा बंदोबस्त घर उभे राहतानाच, पाया आणि जोते भरताना मातीला औषध देऊन करावयाचा असतो. भारतीय मानक ६३१३ मध्ये त्याची रीत तपशिलाने घालून दिलेली आहे. हा खर्च इमारत बांधणाराने टाळावा आणि पुढे प्रत्येक भाडेकरूने दारांच्या चौकटींना भोके पाडून त्यांत औषध भरीत बसावे, हा उघड अन्याय आहे. म्हणून किनारपट्टीच्या नगरपरिषदांनी भोगवटा प्रमाणपत्र देण्यापूर्वी अशा प्रक्रियेचा दाखला दप्तरी लावून घ्यावा, आणि भाडेकरूनेही अनामत रक्कम मोजण्यापूर्वी तो मागावा.