पाठराखीण प्रथिनांचा धडा

१९०१ पासूनच्या नोंदी पाहिल्या तर भारतातला सर्वांत उष्ण मार्च २०२२ चा ठरला. उत्तरेकडच्या शेतांत तेव्हा गव्हाचा दाणा भरत होता. दाणे बारीक राहिले, उतारा घटला आणि १३ मे रोजी केंद्र सरकारने गव्हाच्या निर्यातीवर बंदी घातली. उन्हाने पीक होरपळले, एवढे सर्वांना दिसले. हे होरपळणे पेशीत कसे सुरू होते आणि रोप त्याला कसे अडवते, याची चर्चा मात्र शेतीतज्ज्ञांपुरतीच राहिली. ती सर्वांनी समजून घ्यावी अशी आहे, कारण तीच यंत्रणा माणसाच्या डोळ्यातही काम करते.

अंडे उकडले की त्यातला पातळ, पारदर्शक भाग पांढरा आणि घट्ट होतो. गार केले म्हणून तो पुन्हा पातळ होत नाही. प्रत्येक प्रथिन ही विशिष्ट पद्धतीने घडी घातलेली साखळी असते आणि तिचे पाण्याला टाळणारे भाग घडीच्या आत दडलेले असतात. उष्णतेने घडी सैल झाली की हे भाग उघडे पडतात, शेजारच्या प्रथिनांच्या उघड्या भागांना चिकटतात आणि गुठळी होते. पानाच्या पेशीतही उन्हाच्या तडाख्याने हेच घडू लागते.

अशा वेळी मदतीला येणाऱ्या प्रथिनांना इंग्रजीतून आलेले नाव आहे ‘शॅपरोन’. मराठीत त्यासाठी शब्द शोधावा लागत नाही. नवरीबरोबर पहिल्यांदा सासरी जाते ती पाठराखीण. संसार तिचा नसतो. नवरी रुळली की ती माघारी येते. ही प्रथिनेही तशीच. दुसऱ्या प्रथिनाला भलत्या संगतीपासून जपायचे आणि काम झाले की बाजूला व्हायचे. हा शब्द रॉन लास्की यांनी १९७८ मध्ये एका प्रथिनासाठी वापरला. १९८७ मध्ये जॉन एलिस यांनी तो प्रथिनांच्या एका मोठ्या वर्गाला दिला. एलिस यांना त्याची चाहूल लागली होती ती वनस्पतींमध्ये. हवेतला कार्बन डायऑक्साइड पकडणारे रुबिस्को हे प्रथिन जुळण्याआधी काही काळ दुसऱ्याच एका प्रथिनाला धरून असते, असे त्यांच्या प्रयोगशाळेला १९८० मध्ये मटाराच्या हरितलवकांत दिसले होते.

उन्हाच्या तडाख्यात सर्वांत आधी धावतात ती लहान आकाराची पाठराखीण प्रथिने. माणसात ती दहा प्रकारची आहेत. मोहरीच्या कुळातल्या अ‍ॅरॅबिडॉप्सिस या छोट्या रोपात त्यांची १९ जनुके आढळली आहेत. रोपाला उठून सावलीत जाता येत नाही, हे लक्षात घेतले तर या संख्येचे नवल वाटत नाही. गव्हातल्या अशा एका प्रथिनाची रचना २००१ मध्ये उलगडली. त्याचे १२ रेणू एकत्र येऊन एक गट होतो. तापमान वाढले की हा गट सुटतो, त्याचेही दडलेले भाग उघडे होतात आणि घडी सुटू लागलेल्या प्रथिनाला ते धरतात. २००९ मध्ये मटारातल्या अशाच प्रथिनावरील प्रयोगांत आणखी एक गोष्ट दिसली. पकड एका ठरावीक जागी नसते. वेगवेगळ्या प्रथिनांना वेगवेगळ्या ठिकाणी धरले जाते आणि त्यात मोठा वाटा टोकाच्या, निश्चित आकार नसलेल्या सैल बाहूचा असतो. कुलपाला एकच किल्ली लागावी तसे हे नाते नाही. बाहू सैल असतो म्हणूनच तो नाना आकारांच्या प्रथिनांना कवेत घेऊ शकतो.

मात्र धरून ठेवणे म्हणजे दुरुस्ती नव्हे. ही लहान प्रथिने फक्त गुठळी टाळतात. घडी पुन्हा घालण्याचे काम दुसऱ्या प्रथिनांचे असते आणि त्यासाठी पेशीला ऊर्जा खर्च करावी लागते. गुठळीत अडकलेली साखळी ओढून सोडवणारे एचएसपी-१०१ हे त्यांपैकी एक. ते नसलेली अ‍ॅरॅबिडॉप्सिसची रोपे एरवी नीट वाढतात. फरक दिसतो तो उन्हात. साध्या रोपांना आधी ३८ अंशांची थोडी सवय दिली तर ती नंतरचे ४५ अंशही सोसतात. एचएसपी-१०१ नसलेल्या रोपांना ही सवय दिली तरी ती तगत नाहीत, हे २००० मध्ये सिद्ध झाले.

माणसाच्या डोळ्यातल्या भिंगात याच लहान कुळातले अल्फा-क्रिस्टॅलिन असते. ते पाठराखिणीचे काम करते, हे १९९२ मध्ये जोसेफ हॉर्विट्झ यांनी दाखवले. भिंगाच्या गाभ्यातल्या पेशींना केंद्रक नसते. तिथली प्रथिने जन्माआधी तयार झालेली असतात आणि आयुष्यभर तीच पुरवावी लागतात. अल्फा-क्रिस्टॅलिन बिघडणाऱ्या प्रथिनांना धरून ठेवते, पण त्याचा मोकळा साठा वयानुसार घटत जातो. मग गुठळ्या होतात, भिंग उकडलेल्या अंड्यासारखे पांढुरके होते आणि त्याला मोतीबिंदू म्हणतात.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली रुग्णांसाठी. झालेला मोतीबिंदू डोळ्यात थेंब टाकून विरघळत नाही. तसा दावा करणाऱ्या बाटल्यांवर पैसे आणि महिने घालवू नयेत. शस्त्रक्रिया हाच सिद्ध झालेला उपाय आहे आणि सरकारी रुग्णालयांत ती होते.

दुसरी धोरण ठरवणाऱ्यांसाठी. एखादे जनुक वाढवले की उष्णता सोसणारे वाण हाती येईल, ही अपेक्षा भाबडी आहे. धरणारे, सोडवणारे आणि घडी घालणारे असा सगळा संच नीट चालला तरच रोप तगते. तोवर वेळेवर पेरणी करून दाणा भरण्याचा काळ कडक उन्हाआधी आणणे आणि त्या काळात पाणी मिळेल याची सोय करणे, हे हातातले उपाय सोडता कामा नयेत. मटाराच्या पानात रस घेणाऱ्या संशोधनाला ‘याचा उपयोग काय’ असे विचारून निधी नाकारणे सोपे असते. त्या पानातून सुरू झालेला शोध आज शेताचे आणि डोळ्याचे दुखणे समजावून सांगतो आहे. अशा शोधांना सुरुवातीची काही वर्षे धरून ठेवणारे कुणीतरी लागते. ते काम सरकारचे आहे.